पुळणीत भोकं पाडणाऱ्या माश्या: बेंबिक्सबद्दल सविस्तर उत्तर

ताई, इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमची वाडी कोकणात समुद्राला लागून आहे आणि तिथे तुम्ही पाहुण्यांची सोय करता. पाऊस ओसरल्यावर कुंपणाबाहेरच्या मोकळ्या पुळणीत फिकट पट्ट्यांच्या, हिरवट डोळ्यांच्या माश्या वाळू उडवत भोकं पाडू लागल्या. भोक बुजवून निघून जातात, थोड्या वेळाने येऊन तेच पुन्हा उकरतात. गोठ्यातल्या गुरांभोवती आणि कधीकधी माणसांभोवतीही घोंघावतात. पाहुणे घाबरले आहेत, आणि रॉकेल ओता किंवा पावडर टाका असा सल्ला कुणीतरी तुम्हाला दिला आहे. या कोण, डंख मारतात का, मारून टाकाव्यात का, आणि पुढच्या वर्षी परत येतील का, असं तुम्ही विचारलं आहे.

सर्वात निकडीचं आधी सांगतो. रॉकेल नको, पावडर नको, उकळतं पाणीही नको. तुमच्या व्हिडिओत दिसतात त्या बेंबिक्स या गणातल्या (गण म्हणजे जवळच्या जातींचा गट), एकट्याने घरटं करणाऱ्या गांधीलमाश्या आहेत. आपल्याला माहीत असलेली गांधीलमाशी म्हणजे झाडाला नाहीतर वळचणीला पोळं करणारी, एकीला डिवचलं की सगळ्या अंगावर येणारी. बेंबिक्सला पोळं नाही, राणी नाही, कामकरी माश्या नाहीत. प्रत्येक भोक एका मादीचं, आणि त्याच्या टोकाला बहुतेक वेळा एकच अळी. भोकं शेजारी-शेजारी दिसतात ती चांगली वाळू सगळ्यांनाच हवी असते म्हणून. त्यांच्यात एकमेकींना मदत करण्याचा प्रकार नसतो, उलट शेजारणीने आणलेली शिकार पळवणं चालतं.

ओळख कशावरून पटली, तेही सांगतो. अंग साधारण दीड ते दोन सेंटिमीटर, दणकट, कंबर बारीक दोऱ्यासारखी नाही. डोळे मोठे. वरचा ओठ लांब होऊन चोचीसारखा खाली आलेला, समोरून फोटो काढलात तर तो लगेच दिसेल. पोटावर फिकट पिवळे किंवा हिरवट-पांढरे नागमोडी पट्टे. आणि उकरायची पद्धत. कुत्रा माती उकरतो तशी ती वाळू मागे फेकते, पण दोन्ही पुढचे पाय एकदम चालवते. त्या पायांवर ताठ काट्यांची फणी असते. प्रत्येक फटक्याला पोट वर उचललं जातं आणि त्याखालून वाळूची धार मागे जाते. हे इतकं वेगात चालतं की डोळ्यांना फक्त धार दिसते, पाय दिसत नाहीत. तुमच्या व्हिडिओचा वेग कमी करून पाहा.

गण सांगता येतो, पण नेमकी जात फोटोवरून ठरत नाही. जगात बेंबिक्सच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत, भारतातही बऱ्याच आहेत. लुनाटा आणि ओरिएंटॅलिस ही त्यांतली दोन नावं. जाती वेगळ्या करायला नराच्या पायांची आणि पोटाच्या खालच्या बाजूची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. सी. टी. बिंगहॅम यांनी १८९७ साली ब्रिटिश भारतातल्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांचा जाडजूड ग्रंथ काढला, तो ओळखीसाठी आजही उघडावा लागतो. मात्र त्यातला बहुतेक मजकूर टाचणीला लावलेल्या नमुन्यांच्या वर्णनाचा आहे. जिवंत मादी घरटं कुठे करते, कशाची शिकार आणते, अळी किती दिवस पोसते, याच्या आपल्याकडच्या नोंदी फार तुटपुंज्या आहेत. खाली मी घरट्याबद्दल जे सांगतो त्याचा मोठा भाग युरोपातल्या रोस्ट्राटा या जातीवर झालेल्या कामातून आणि अमेरिकी कीटकतज्ज्ञ हॉवर्ड एव्हान्स यांनी अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात केलेल्या निरीक्षणांतून आलेला आहे. गणाची मूळ रीत बरीचशी सारखी असल्यामुळे तुमच्या पुळणीतही साधारण तसंच घडत असावं, पण तपशील जातीगणिक बदलू शकतो.

आता त्या भोकाच्या आत काय चाललंय ते बघू, कारण ते कळलं की औषधाचा प्रश्न उरत नाही.

मादी तिरकं बीळ खणते. वरची कोरडी वाळू ढासळते म्हणून ती ओलसर थर लागेपर्यंत आत जाते. हे बीळ वीतभर, कधी त्याहूनही लांब असतं. भर दुपारी पुळणीवर अनवाणी पाय ठेववत नाही, पण तिथून वीतभर खाली वाळू ओलसर आणि सुखाची असते. टोकाला एक छोटी खोली. बाहेर निघालेल्या वाळूचा ढीग पडतो, तो बऱ्याच जातींच्या माद्या नागमोडी फिरत पसरून टाकतात, मग नवं काम झाल्याची खूणही राहत नाही. काही जाती खऱ्या भोकाच्या बाजूला आखूड, रिकामी भोकं उकरून तशीच उघडी सोडतात. एव्हान्स यांचं म्हणणं असं की, ती परजीवींना चकवण्यासाठी असावीत. तुमच्या व्हिडिओत एका ठिकाणी बंद भोकाच्या शेजारी दोन उघडे खळगे दिसतात. ते चकवेच आहेत असं एका व्हिडिओवरून म्हणणार नाही, पण तुम्ही रोज तिथे असता, लक्ष ठेवा.

बहुतेक एकट्या गांधीलमाश्या एकदाच शिकार भरतात, अंडं घालतात, दार कायमचं लिंपतात आणि निघून जातात. घराच्या भिंतीला मातीचं घरटं करणारी कुंभारीण तशीच. आतली अळी बाहेर येईल तेव्हा आई तिला कधीच दिसणार नसते. बेंबिक्सचं वेगळेपण इथे आहे. रोस्ट्राटाची मादी शिकार म्हणून पहिली माशी (गांधीलमाशी नव्हे, घरमाशीसारखी साधी माशी) आणते आणि तिच्यावर अंडं घालते. अळी बाहेर पडली की रोज नवी माशी आणून देते. अळी लहान असताना थोड्या, मोठी होत गेली की जास्त. एका अळीमागे काही डझन माश्या लागतात. तिच्या डंखाने माशी मरते किंवा पार लुळी पडते आणि फार दिवस टिकत नाही, त्यामुळे साठा करून भागत नाही, ताजीच लागते. याचा अर्थ त्या एका अळीसाठी आईला कित्येक दिवस ऊन असेल तेव्हा शिकारीला जावं लागतं. पावसाळी, ढगाळ दिवस आले की काम ठप्प. म्हणूनच एक मादी सगळ्या हंगामात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच पिल्लं वाढवू शकते. डासाची मादी एका वेळी शंभरावर अंडी घालते, त्या हिशेबाने बघा. बेंबिक्सची एक वसाहत एकदा मारली तर ती मागे भरून निघायला फार काळ लागतो, बऱ्याचदा निघतच नाही. रॉकेलला माझा विरोध आहे तो मुख्यतः या एका गोष्टीमुळे.

शिकार ती उडताना पकडते आणि पोटाखाली मधल्या पायांत धरून आणते. यातली कसरत बघण्यासारखी असते. घरट्यापाशी उतरल्यावर माशी खाली न ठेवता, मधल्या पायांत तशीच धरून, ती पुढच्या पायांनी दार उकरते आणि शिकारीसकट आत जाते. बाहेर पडताना दार पुन्हा बुजवते. तुम्हाला जे उगाच चाललेलं वाटलं, ‘बुजवतात आणि परत उकरतात’, ते हे. प्रत्येक फेरी म्हणजे आतल्या अळीचा एक घास.

दार बुजवण्याचं कारणही तिथेच हवेत असतं. नीट पाहिलंत तर शिकार घेऊन येणाऱ्या मादीच्या मागे, हातभर अंतर राखून, एक छोटी राखाडी माशी दोरीने बांधल्यासारखी उडत येताना दिसेल. मादी वळली की ती वळते, मादी थांबली की ती थांबते. ही परजीवी माशी आपली इवली अळी शिकारीवर सोडायची संधी शोधत असते. ती आत शिरली तर बेंबिक्सच्या अळीचं अन्न संपतं आणि बऱ्याचदा अळीही जाते. याशिवाय पुळणीवर मुंगीसारख्या दिसणाऱ्या, बिनपंखी, लाल-काळ्या मखमली गांधीलमाश्या फिरतात. त्यांना मात्र बोटाने उचलू नका आणि मुलांनाही उचलू देऊ नका, त्यांचा डंख फार दुखतो.

आता घरटं सापडण्याबद्दल. सपाट वाळूत बुजवलेलं दार तिला कसं सापडतं, हे कोडं फार जुनं आहे. फ्रेंच कीटकनिरीक्षक जाँ-आंरी फाब्र यांनी १९व्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये अव्हिन्योंच्या परिसरात बेंबिक्सवर याच प्रश्नासाठी प्रयोग केले. दारावर चपटा दगड ठेवला, घोड्याची लीद पसरली, तीव्र वासाचं इथर शिंपडलं. मादी येऊन नेमक्या जागी उतरली. मग त्यांनी बिळाचं छप्पर काढून अळी उन्हात उघडी ठेवली. मादी आली, नेहमीचं दार शोधत राहिली आणि वळवळणाऱ्या स्वतःच्या अळीला तुडवत पलीकडे गेली. तिला अळी ओळखताच आली नाही. दार, बीळ, खोली हा क्रम मोडला की पुढची पायरी सुरूच होत नाही. मला हा प्रयोग नेहमी अस्वस्थ करतो. इतके दिवस राबणारी आई आणि पिल्लाला न ओळखणारी आई एकच आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या मानाव्या लागतात. तिला आपल्यासारखी माया आहे असं मी म्हणणार नाही, पण तिची मेहनत खरी आहे.

वासाने नाही तर कशाने, याचं उत्तर पुढे निको टिंबर्गन यांनी हॉलंडमधल्या हुल्सहोर्स्टच्या वाळूत शोधलं. त्यांची माशी बेंबिक्स नव्हती, मधमाश्या पकडणारी फिलँथस ही तिची दूरची नातलग होती. घरट्याभोवती त्यांनी पाइनच्या सुक्या फळांचं कडं मांडलं. मादीला त्याची सवय झाल्यावर, ती बाहेर असताना, कडं थोडं बाजूला सरकवलं. मादी परत आली ती सरकवलेल्या कड्याच्या मधोमध उतरली, खरं दार जवळच असूनही. खुणा डोळ्यांनी लक्षात ठेवलेल्या होत्या. हे काम १९३२ साली प्रसिद्ध झालं. टिंबर्गन यांना १९७३ साली प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी नोबेल मिळालं, त्याची सुरुवात अशी एका वाळूच्या माळावर झाली.

तुमच्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ असा की, भोकांच्या आसपासची करवंटी, शेणी, नारळाची झावळी, शंख, काटकी, जे जिथे आहे ते तिथेच राहू द्या. सकाळी पुळण झाडून लख्ख करायची सवय असेल तर तेवढा तुकडा सोडून झाडा. खुणा हलल्या की मादी बराच वेळ घिरट्या घालत राहते, आणि पाहुण्यांना वाटतं ती चिडली आहे.

गोठ्याकडे वळू. गुरांभोवती ती गुरांसाठी जात नाही, गुरांवर बसणाऱ्या माश्यांसाठी जाते. माणसाभोवती घिरटी घालते तेव्हाही बहुधा तसंच काहीतरी शोधत असते. तिच्या शिकारीत घरमाश्या आणि निळ्या-हिरव्या मांसमाश्या असतात, तशा गोमाश्याही असतात. गोमाश्या फक्त रक्त पीत नाहीत, त्यांच्या चाव्यातून ‘सरा’ हा रोग जनावरांत पसरतो. त्याचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने १८८० साली आज पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माइल खान इथे आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात पाहिला, आणि गुरांना, घोड्यांना तो रोग आपल्या देशात अजूनही होतो. अमेरिकेत बेंबिक्सच्या एका नातलगाला घोड्यांची राखणदारीण म्हणून ओळखतात, ते तिथल्या लोकांनी घोड्यांभोवती तिला गोमाश्या टिपताना पाहिलं म्हणूनच.

तरीही ‘गोमाश्या खाते म्हणून वाचवा’ एवढ्यावरच मी थांबणार नाही, कारण ते अर्धं खरं आहे. फुलांवर जागच्या जागी तरंगणाऱ्या, परागण करणाऱ्या निरुपद्रवी माश्याही ती तितक्याच आवडीने पकडते. ऑस्ट्रेलियात तर काही जाती माश्या सोडून छोट्या मधमाश्या किंवा टाचण्या, म्हणजे चतुराच्या नाजूक भाऊबंदांना धरतात. तिच्यावर गोमाश्या हटवण्याची जबाबदारी टाकली आणि गोमाश्या राहिल्याच, तर लोक उद्या तिच्यावरच उलटतील. ती तुमच्या पुळणीची जुनी रहिवासी आहे, कुणाला त्रास देत नाही, आणि तिच्या जगण्याबद्दल आपल्या देशात फार कमी लिहिलं गेलं आहे. मला एवढं कारण पुरतं. गोमाश्यांसाठी गोठ्यात औषध फवारत असाल तर ते गोठ्यापुरतं ठेवा, वाऱ्याने पुळणीवर जाऊ देऊ नका, कारण विषारी झालेली माशी ती अळीलाच नेऊन भरवते.

डंखाबद्दल स्पष्ट बोलतो. नराला डंख नसतो. हंगामाच्या सुरुवातीला वाळूपासून टाचभर उंचीवर गोल-गोल, एकमेकांना हुसकत, जोरात आवाज करत उडणारे बहुतेक सारे नर असतात. ते माद्यांच्या आधी बाहेर पडतात आणि त्यांची वाट बघत घिरट्या घालतात. सर्वात भीतिदायक दिसणारं दृश्य हेच, आणि त्यापासून धोका शून्य. मादीला डंख असतो, पण तो शिकारीसाठी. तिच्या घरट्यापाशी मी तासन्‌तास बसतो, ती कधी अंगावर आलेली नाही. मुठीत धरलं, कपड्यात अडकली किंवा अनवाणी पायाखाली आली तर मात्र डंख मारेल आणि दुखेल. ज्यांना मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या डंखाची ॲलर्जी आहे त्यांनी त्या तुकड्यात अनवाणी जाऊ नये. डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

तुमच्या वाडीपुरतं काय करायचं तर चार काठ्या आणि सुंभ पुरे. भोकांचा तुकडा वेढून घ्या, पायवाट जराशी वळवा. होड्या ओढायची वाट आणि गाड्या लावायची जागा त्यावरून जाऊ देऊ नका. वाळूवरून गेलेल्या एका चारचाकीने किती घरटी दबतात याचा अंदाज वरून येत नाही. बेल्जियमच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या झुडपांनी झाकून जाऊ नयेत म्हणून मोठी जनावरं चरायला सोडली जातात. हेतू चांगला, कारण झाडोरा वाढला की बेंबिक्सला मोकळी वाळू उरत नाही. पण जिथे जनावरांचा वावर वाढला तिथे रोस्ट्राटाची घरटी कमी झाल्याचं संशोधकांना दिसलं. ही तारेवरची कसरत आपल्याकडेही आहे. सुरूची दाट लागवड केली की खाली सुयांसारख्या पाल्याचा थर बसतो आणि उघडी वाळू संपते. धूप थांबवण्यासाठी दगडी बंधारा घातला की तिची जागा थेट दगडाखाली जाते. वाळूच्या टेकड्या २०१९ च्या किनारी नियमन अधिसूचनेत सर्वात संवेदनशील वर्गात घातलेल्या आहेत, वाळूउपशावरही त्यात निर्बंध आहेत. ग्रामपंचायतीत कधी पुळण सपाट करून वाहनतळ करण्याचा विषय निघाला तर हा मुद्दा हातात ठेवा.

मुलांची खेळायची जागा आणि भोकं एकाच ठिकाणी असतील आणि तुम्हाला ती हलवायचीच असतील, तर आत्ता काही करू नका. आत्ता अळ्या आत आहेत. वाढ पूर्ण झाली की अळी रेशमात वाळूचे कण गुंफून कठीण कोश विणते. कोशाला मधोमध बारीक छिद्रं असतात, हवा खेळती राहावी म्हणून असावीत. वाईट हवामान ती त्यातच काढते. युरोपात हिवाळा असा कोशात जातो. पुढच्या हंगामात माश्या बाहेर पडून गेल्या की तेवढी जागा झावळ्यांनी झाका किंवा तिथे मर्यादावेल पसरू द्या, आणि दहा-पंधरा पावलांवर तशीच उघडी, उन्हातली, कुणी न तुडवणारी वाळू मोकळी ठेवा. झाकलेल्या वाळूत मादी सहसा खणत नाही, शेजारच्या उघड्या तुकड्यात जाते.

शेवटचा प्रश्न, परत येतील का. आत्ताच्या माद्या हंगामाबरोबर मरतात. पुढच्या हंगामात दिसतील त्या त्यांच्या मुली, ज्या वाळूत वाढल्या तिथून वर येणाऱ्या, आणि त्यांचा कल जन्मजागेच्या आसपासच घरटं करण्याकडे असतो. तेव्हा हो, वाळू तशीच राहिली तर येतील. येतील तेव्हा मला तीन गोष्टी हव्या आहेत: पहिली मादी खणताना दिसली ती तारीख, तिच्या पायांत असलेल्या माशीचा जमेल तितका जवळून फोटो, आणि मादीचा एक फोटो वरून व एक समोरून, चोच दिसेल असा. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात, आपली सावली दारावर पडणार नाही अशा बाजूला बसा आणि हलू नका. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेत तर ठिकाणासकट नोंद कायम राहील. पाहुण्यांपैकी कुणाला रस असेल तर त्यालाही शेजारी बसवा.